'शॉक' या शब्दाची भीती आली कुठून?

ईसीटीचं नाव काढलं की समोर बसलेली नातेवाईक मंडळी क्षणभर गप्प होतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, "म्हणजे शॉक का हो, डॉक्टर?" सिनेमात पाहिलेला खाटेला बांधलेला माणूस, दातांत कोंबलेला बोळा, खटका ओढणारा थंड चेहऱ्याचा डॉक्टर, हे सगळं त्या एका शब्दात आलेलं असतं. दोन-तीन औषधं पुऱ्या मात्रेत देऊन झालेली असतात, रुग्ण धड जेवत नसतो, जगायचं नाही असं सांगत असतो. तरीही घरची माणसं म्हणतात, "आणखी एखादी गोळी बदलून बघा ना."

या भीतीला 'अज्ञान' म्हणून मोकळं व्हायची आम्हा डॉक्टरांना सवय आहे. मला ते पटत नाही. या उपचाराचा इतिहास वाचला तर भीतीला सबळ कारणं सापडतात, आणि त्यातली बरीचशी वैद्यकीय व्यवसायानंच पुरवलेली आहेत. ती कारणं कोणती, त्यातली कोणती आता उरली नाहीत आणि कोणती अजून आहेत, हे रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असायला हवं. ते माहीत नसताना दिलेला होकार आणि नकार, दोन्ही अर्धवटच.

मेंदूला बाहेरून चेतना देऊन मनाचे आजार बरे करायचे, ही कल्पना तशी फार जुनी. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस यानं पहिल्या शतकात डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा कपाळावर ठेवायला सांगितलं होतं. पुढे बेडकाच्या पायांमुळे प्रसिद्ध झालेल्या गॅल्व्हानीचा भाचा जिओव्हान्नी अल्दिनी यानं 1801 च्या सुमारास बोलोन्यात एका उदास शेतकऱ्याच्या डोक्यातून बॅटरीचा सौम्य प्रवाह सोडला. आधी त्यानं तो स्वतःच्या डोक्यावर घेऊन पाहिला होता, हे त्याच्याबद्दल आवर्जून सांगण्यासारखं. पण यातून पुढे सलग अशी काही परंपरा तयार झाली नाही. आपली गोष्ट खऱ्या अर्थानं सुरू होते ती 1934 साली, बुडापेस्टमध्ये. आणि तिथे वीज नव्हतीच. तिथे होता कापूर.

चुकलेला सिद्धांत

त्या काळातली मनोरुग्णालयं डोळ्यांसमोर आणा. औषध नावाची गोष्ट नाही. झोपेचे डोस, गार पाण्याच्या अंघोळी, कुलूप. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण एकदा आत गेला की बहुतेक वेळा तिथेच म्हातारा व्हायचा. अशा वेळी व्हिएन्नाच्या वॅग्नर-याउरेग यांनी मेंदूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसच्या रुग्णांना मुद्दाम मलेरियाची लागण करून तापानं त्यांची स्थिती सुधारून दाखवली, आणि 1927 चं नोबेल पारितोषिक मिळवलं. एका आजारानं दुसरा आजार हटवता येतो, ही कल्पना मग सगळ्यांच्या डोक्यात बसली.

हंगेरीचे लाडिस्लास मेडुना त्यातलेच. मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्यांना वाटलं की अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत ग्लिया नावाच्या आधारपेशी जास्त दिसतात आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत कमी. त्यावरून त्यांनी तर्क केला की हे दोन आजार एकमेकांचे वैरी असणार. मग स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला मुद्दाम फिट आणली तर?

जानेवारी 1934 मध्ये त्यांनी तेलात मिसळलेल्या कापराचं इंजेक्शन कॅटाटोनियाच्या एका रुग्णाला दिलं. कॅटाटोनिया म्हणजे माणूस लाकडासारखा ताठ, मुका होतो. हात वर केला तर तसाच वर राहतो. काही वेळानं त्या रुग्णाला फिट आली. पुढे काही रुग्णांत अशी इंजेक्शनं देऊन झाल्यावर जी माणसं महिनोन् महिने बोलली नव्हती ती उठून बसली, जेवली, बोलली.

(कापराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. लहान मुलानं कापराची वडी गिळली तर फिट येऊ शकते. देवघरातली डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.)

आता यातली गंमत पाहा. मेडुनांचा सिद्धांत चुकीचा होता. अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांचे वैरी नाहीत. एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतात. पण फिट आल्यावर काही रुग्ण खरंच सुधारतात, हे निरीक्षण मात्र टिकलं. वैद्यकशास्त्रात असं अनेकदा झालं आहे. फिटमुळे नेमकं काय बदलतं, याचं एका वाक्यातलं उत्तर आजही आमच्याकडे नाही. रासायनिक संदेशवाहकांत बदल, मेंदूच्या भागांमधल्या जोडण्यांत बदल, नव्या पेशींना चालना, असे बरेच धागे हाती आहेत. कुणी तुम्हाला "अमुक केमिकल वाढतं म्हणून बरं वाटतं" असं ठामपणे सांगितलं, तर ते सोपं करून सांगितलेलं आहे एवढं लक्षात ठेवा.

कापूर बेभरवशाचा होता. फिट यायला कधीकधी पाऊण तास लागायचा. म्हणून मेडुनांनी कार्डियाझोल हे औषध शिरेतून द्यायला सुरुवात केली. त्यानं फिट झटकन येई, पण इंजेक्शन आणि फिट यांच्यामधले काही सेकंद रुग्ण शुद्धीवर असे, आणि त्या सेकंदांत त्याला आपण मरतोय अशी भयानक जाणीव होई. एकदा अनुभव घेतलेले रुग्ण दुसऱ्या वेळी हातापाया पडत, पळत. त्यांना धरून आणावं लागे. भीतीचा पहिला थर इथे जमा झाला, आणि त्यात विजेचा अजून काही संबंध नव्हता.

रोममधलं एप्रिल 1938

उगो चेर्लेत्ती हे रोमच्या मानसोपचार विभागाचे प्रमुख. त्यांना अपस्माराचा अभ्यास करायचा होता, म्हणून ते विजेनं कुत्र्यांना फिट आणत. एक इलेक्ट्रोड तोंडात, दुसरा गुदद्वारात. बरेच कुत्रे मरत. त्यांचे तरुण सहकारी लुचिओ बिनी यांच्या लक्षात आलं की अशा मांडणीत प्रवाह हृदयातून जातो. दोन्ही इलेक्ट्रोड डोक्याच्या दोन बाजूंना लावले तर हृदय वाचेल.

पण माणसाच्या डोक्याला वीज? धीर होईना. त्याच सुमारास रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना विजेनं मारतात असं चेर्लेत्तींच्या कानावर आलं. जाऊन पाहतात तर वीज डुकराला मारत नव्हती. डोक्याला विजेचा चिमटा लावला की डुकराला फिट यायची, ते बेशुद्ध पडायचं, आणि मग खाटीक सुरी चालवायचा. सुरी चालवली नाही तर थोड्या वेळानं ते उठून चालू लागायचं. चेर्लेत्तींनी तिथे प्रयोग करून पाहिले. फिट आणायला लागणारा विजेचा मारा आणि जीव घेणारा मारा यांच्यात भरपूर अंतर आहे, अशी त्यांची खात्री पटली.

कत्तलखान्याची ही हकीगत चेर्लेत्तींनी स्वतःच लिहून ठेवली. प्रामाणिकपणा म्हणून ठीक, पण 'डुकरांवरून माणसांवर' हे चित्र या उपचाराला कायमचं चिकटलं.

पहिला रुग्ण साधारण चाळिशीचा, मिलानचा इंजिनिअर. रोमच्या रेल्वे स्टेशनवर भरकटलेल्या अवस्थेत पोलिसांना सापडलेला. तो जे बोलायचा ते कुणाला कळत नव्हतं. सोबत कुणी नाही. त्याची परवानगी कुणी घेतली नाही. तेव्हा तशी रीतही नव्हती. पहिला झटका कमी पडला, फिट आली नाही. दुसरा जास्त क्षमतेचा द्यावा का यावर डॉक्टरांची चर्चा चालू असताना, आजवर निरर्थक बडबडणारा तो माणूस अगदी स्वच्छ भाषेत बोलला: पुन्हा करू नका, मी मरेन. उपस्थित डॉक्टर चपापले. चेर्लेत्तींनी पुढे जायचं ठरवलं. दुसऱ्या झटक्यानं फिट आली. शुद्धीवर आल्यावर तो शांत होता, समजेल असं बोलत होता. उपचारांची मालिका पूर्ण करून तो घरी गेला. पुढे काही काळानं त्याचा आजार परतला.

हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना शिकवताना दोनदा सांगतो. एकदा शोधाची गोष्ट म्हणून, आणि एकदा संमतीची गोष्ट म्हणून. रुग्णानं बोललेलं पहिलं अर्थपूर्ण वाक्य 'नको' हे होतं आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात आलं. उपचार लागू पडला म्हणून ते वाक्य पुसलं जात नाही.

एवढं मात्र खरं की त्या काळाच्या मानानं वीज हा दयाळू पर्याय होता. झटका बसताक्षणी शुद्ध जायची, कार्डियाझोलची ती मरणाची जाणीव नाही. आणि स्वस्त. विजेचं काम इथे काडी ओढण्यापुरतंच असतं. उपचार करते ती फिट. बर्लिनहून नाझींच्या छळामुळे रोमला आलेले डॉक्टर लोथार कालिनोव्स्की तिथूनही बाहेर पडले आणि पॅरिस, लंडन, मग 1940 मध्ये न्यूयॉर्क असा हा उपचार सोबत घेऊन गेले. पाच-सात वर्षांत तो जगभर पोचला. खुद्द चेर्लेत्ती मात्र नंतरची वर्षं, झटका न देता तोच परिणाम साधणारं द्रव्य डुकरांच्या मेंदूतून काढता येतं का, याच शोधात होते. ते काही मिळालं नाही.

मोडलेली हाडं आणि लंडनचा खटला

भूल न देता येणारी फिट म्हणजे शरीरातले सगळे मोठे स्नायू एकाच वेळी पूर्ण ताकदीनं आवळले जाणं. पाठीचे मणके दबायचे, क्वचित मांडीचं हाड मोडायचं. चार-पाच जणांनी रुग्णाला दाबून धरायची पद्धत होती. सिनेमातलं ते दृश्य इथलं आहे, आणि ते खोटं नाही.

यावर उपाय लवकरच निघाला होता. अमेरिकेत नेब्रास्काचे डॉक्टर बेनेट यांनी 1940 मध्ये क्युरारे वापरलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला लावतात ते हे विष. त्यानं स्नायू लुळे पडतात. फिट मेंदूत येते, शरीर हलत नाही. क्युरारे हाताळायला अवघड होतं. 1950 च्या सुरुवातीला सक्सिनिलकोलीन आलं. काही मिनिटांतच त्याचा असर ओसरतो, त्यामुळे या कामासाठी ते उत्तम. पण स्नायू लुळे म्हणजे श्वासही थांबणार. म्हणून मास्कनं ऑक्सिजन द्यायला हवा. आणि शुद्धीवर असताना श्वास थांबणं हे भयंकर. म्हणून आधी भूल हवी. म्हणजे भूलतज्ज्ञ हवा, साधनं हवीत, वेळ हवा, पैसा हवा. पुढचा सगळा घोळ या एका वाक्यात आहे. सुरक्षित पद्धत उपलब्ध असूनही अनेक ठिकाणी, वर्षानुवर्षं, ती वापरली गेली नाही.

ऑगस्ट 1954. लंडनच्या फ्रिअर्न रुग्णालयात नैराश्याचे रुग्ण जॉन बोलॅम यांना ईसीटी दिली गेली. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं नाही. हाडं मोडण्याचा धोका असतो, हे त्यांना सांगितलंही नव्हतं. फिटच्या जोरानं दोन्ही मांड्यांची हाडं खुब्याच्या वाट्यांमध्ये घुसली. बोलॅम कोर्टात गेले. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या: काही जण शिथिलक देतात, काही देत नाहीत, काही धोका सांगतात, काही विचारल्याशिवाय सांगत नाहीत. 1957 मध्ये निकाल लागला. जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला मान्य असलेल्या पद्धतीनं डॉक्टर वागला असेल तर तो निष्काळजीपणा नव्हे, असं न्यायाधीशांनी ज्युरीला समजावलं, आणि बोलॅम हरले.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे त्या निकालातून जन्मलेली 'बोलॅम कसोटी' आपल्याकडेही लागू आहे. 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांचा निष्काळजीपणा ठरवताना तीच कसोटी उचलून धरली. तुमच्या शहरात हर्नियाच्या ऑपरेशनवरून वाद झाला तरी वकील ज्या कसोटीचा हवाला देतात, ती भूल न देता दिलेल्या ईसीटीतून आलेली आहे. धोका रुग्णाला सांगायचा की नाही, या मुद्द्यावर ब्रिटननं 2015 मध्ये ती कसोटी सोडून दिली. रुग्णाच्या दृष्टीनं जे महत्त्वाचं ते त्याला सांगितलंच पाहिजे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं.

गैरवापर

हाडं मोडणं हा निदान अपघात होता. खरी काळी पानं दुसरीच आहेत. गच्च भरलेल्या मनोरुग्णालयांत वॉर्ड शांत ठेवण्यासाठी, दंगा करणाऱ्या रुग्णाला धडा शिकवण्यासाठी शॉक वापरले गेले. समलैंगिकता 'बरी' करण्यासाठी वापरले गेले. ऑस्ट्रियात एमिल गेल्नी नावाच्या नाझी डॉक्टरनं या यंत्रात बदल करून रुग्णांना ठार मारलं. आणि मॉन्ट्रिअलमध्ये डॉक्टर युएन कॅमेरून यांनी जुन्या सवयी पुसून मन नव्यानं घडवायच्या नावाखाली रुग्णांना दिवसातून अनेकदा शॉक दिले, आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवलं. त्यांच्या कामाला अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा छुपा पैसा होता, हे नंतर उघड झालं. काही रुग्ण आपली मुलंबाळं विसरले. हे कॅमेरून कुणी आडबाजूचे भोंदू नव्हते. जागतिक मानसोपचार संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते.

म्हणून 1975 साली 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' हा चित्रपट आला तेव्हा लोकांना तो अतिशयोक्ती वाटला नाही. त्याआधी तीन वर्षं, 1972 मध्ये, अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस ईगलटन यांनी पूर्वी नैराश्यासाठी ईसीटी घेतली होती हे बाहेर आलं आणि अठरा दिवसांत त्यांना उमेदवारी सोडावी लागली. उपचारांनंतर ते सिनेटर म्हणून निवडून आले होते आणि 1987 पर्यंत सिनेटर राहिले, तरीही. 1982 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरानं तर मतदान घेऊन ईसीटीवर बंदी घातली. ती कोर्टानं उठवली.

मधल्या काळात क्लोरप्रोमाझिन आणि इमिप्रामिन अशी औषधं आली होती. ईसीटी मागे पडली आणि बहुतेकांना वाटलं की आता ती संपणारच.

संपली का नाही?

कारण काही रुग्णांत तिच्याइतकं काहीच चालत नाही. खाणंपिणं सोडलेला, दगडासारखा पडून राहिलेला, आपले अवयव सडलेत असं मानणारा, आत्महत्येच्या काठावरचा रुग्ण औषधाचा असर यायला चार-सहा आठवडे थांबू शकत नाही. तीव्र नैराश्यात ईसीटीनं दहापैकी सहा ते आठ जणांना लक्षणीय फरक पडतो, तोही बहुधा दोन-तीन आठवड्यांत.

हा फरक नुसत्या भुलीचा किंवा मनाच्या समजुतीचा तर नाही ना? याची परीक्षा 1980 मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्थविक पार्क इथे झाली. नैराश्याच्या सत्तर रुग्णांपैकी निम्म्यांना भूल आणि खरा प्रवाह दिला, निम्म्यांना नुसती भूल. खरा उपचार सरस ठरला. पण नुसत्या भुलीच्या गटातले लोकही बरेच सुधारले, आणि काही आठवड्यांनी दोन गटांतला फरक उरला नाही. ईसीटीचे टीकाकार हा अभ्यास आजही पुढे करतात. पुढचे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर ईसीटीची सरशी कायम राहिली, पण फायदा टिकवणं अवघड असतं हे टीकाकारांचं म्हणणं खरं आहे. 2001 च्या एका अमेरिकी अभ्यासात ईसीटीनं बरे झालेल्यांपैकी ज्यांना पुढे कोणतंच खरं औषध दिलं नाही, त्यांच्यात शंभरातल्या 84 जणांना सहा महिन्यांत नैराश्य परत आलं. नॉरट्रिप्टिलिन आणि लिथियम दोन्ही दिलेल्यांत 39 जणांना. ईसीटी झाल्यावर "आता गोळ्या कशाला?" म्हणणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

आजची ईसीटी कशी असते? रुग्ण रात्रीपासून उपाशी. शिरेतून भूल, मग शिथिलक. जीभ दातांखाली येऊ नये म्हणून तोंडात मऊ गार्ड. अनेक ठिकाणी शिथिलक देण्याआधी एका पायाला रक्तदाबाचा पट्टा आवळतात, म्हणजे औषध त्या पावलात उतरत नाही. फिट आलेली आपल्याला कळते ती त्या एका पावलाच्या थरथरीवरून आणि मेंदूच्या आलेखावरून. अर्ध्या ते एक मिनिटात संपतं. दहा-पंधरा मिनिटांत रुग्ण डोळे उघडतो. आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण सहा ते बारा वेळा. जिवाला धोका लाख उपचारांमागे दोनच्या आसपास.

उरलेली खरी तक्रार स्मरणशक्तीची. जुनी यंत्रं घरातल्या सॉकेटसारखा सलग लहरींचा प्रवाह सोडत. आता अगदी छोट्या तुकड्यांत सोडतात, आणि कधी फक्त उजव्या बाजूनं. त्यामुळे विसरभोळेपणा खूप कमी झाला, संपलेला नाही. उपचारांच्या दिवसांतल्या आणि त्याआधीच्या काही आठवड्या-महिन्यांतल्या आठवणी काहींना परत मिळत नाहीत. मुलीचं लग्न झालेलं माहीत आहे पण त्या दिवसाचं काही आठवत नाही, असं होऊ शकतं. 'काही होत नाही, सगळं परत येतं' असं सांगणारा डॉक्टर तुम्हाला पूर्ण माहिती देत नाही. अमेरिकेतल्या किटी डुकाकिस यांनी, ज्यांचे पती 1988 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते, 2001 पासून ईसीटी घेतली आणि त्यावर जाहीरपणे पुस्तक लिहिलं. आठवणी गेल्याचं त्यांनी लपवलं नाही. तरी हा सौदा आपल्याला परवडला असं त्यांचं म्हणणं होतं. तो त्यांचा हिशेब. प्रत्येकाचा तसाच असेल असं नाही.

फिटशिवाय?

फिट न आणता मेंदूला चेतवता आलं तर भूलही नको आणि आठवणीही शाबूत, हे स्वप्न जुनंच. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डचे अँथनी बार्कर यांनी डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंदन सोडलं आणि समोरच्याचा हात आपोआप हलला. कवटीला स्पर्शही नाही. हाच टीएमएस. दहा वर्षांनी मार्क जॉर्ज यांच्या गटानं तो नैराश्यावर वापरून पाहिला. 2008 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रोज खुर्चीत बसायचं, टकटक ऐकायची, उठून कामाला जायचं. पूर्वी एका बैठकीला सदतीस मिनिटं लागत. तीन मिनिटांची नवी पद्धत तेवढीच चालते, हे कॅनडात 414 रुग्णांवरच्या अभ्यासात 2018 मध्ये दिसलं. औषधांना दाद न देणाऱ्या मध्यम नैराश्याला हा चांगला पर्याय आहे. पण जेवण सोडलेल्या, भ्रमात असलेल्या रुग्णाला केवळ 'शॉक नको' म्हणून टीएमएसकडे नेणं मला धोक्याचं वाटतं. अशा रुग्णात तो ईसीटीची जागा घेऊ शकत नाही.

मेंदूत खोलवर तारा बसवायचा मार्ग त्याहून नाट्यमय. 1950 च्या दशकात अमेरिकेत ट्युलेन विद्यापीठाचे रॉबर्ट हीथ यांनी तो चोखाळला. 1972 मध्ये त्यांनी एका तरुणाची समलैंगिकता अशा तारांनी बदलण्याचा प्रयोग छापला आणि या क्षेत्राचं नाव खराब झालं. पुढे कंपवातावर यश मिळाल्यामुळे ही पद्धत नव्यानं प्रतिष्ठित झाली. 2005 मध्ये टोरंटोत हेलन मेबर्ग यांच्या गटानं कशालाच दाद न देणाऱ्या नैराश्याच्या सहा रुग्णांवर डीबीएस केलं; सहा महिन्यांनी चौघांत सुधारणा टिकून होती. वर्तमानपत्रांतून केवढे मथळे झाले! मग नव्वद रुग्णांवर मोठी चाचणी झाली. सगळ्यांना तारा बसवल्या, पण काहींचं यंत्र चालू, काहींचं बंद. सहा महिन्यांनी दोन गटांत फरक दिसला नाही. पुढे दीर्घकाळ यंत्र चालू ठेवलेल्यांत बरेच जण सुधारले, म्हणून संशोधन थांबलेलं नाही. तीव्र ओसीडीच्या मोजक्या रुग्णांत मात्र डीबीएस वापरतात.

आपल्याकडे

भारतात भुलीशिवाय ईसीटी द्यायची पद्धत पाश्चात्त्य देशांपेक्षा खूप नंतरपर्यंत टिकली. भूलतज्ज्ञ मिळत नाही, खर्च परवडत नाही, उपचारच न मिळण्यापेक्षा हे बरं, असा युक्तिवाद ज्येष्ठ मंडळीही करत. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. लहान गावात रात्रीच्या सिझेरियनलाही भूलतज्ज्ञ शोधावा लागतो. पण तोच युक्तिवाद मनोरुग्णांपुरताच का चालायचा? भूलतज्ज्ञ नाही म्हणून अपेंडिक्स शुद्धीवर कापा, असं कुणी म्हणत नव्हतं.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला आणि हा वाद कायद्यापुरता मिटला. भूल आणि शिथिलक यांशिवाय ईसीटी देण्यास मनाई आहे. अठरा वर्षांखालच्यांना द्यायची नाही. अगदीच गरज असेल तर पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी हवी. तातडीचा उपचार म्हणूनही ती देता येत नाही. या शेवटच्या अटीवर आमच्यातल्या अनेकांचा आक्षेप आहे, कारण खाणं सोडलेला कॅटाटोनियाचा रुग्ण कागदपत्रांसाठी थांबत नाही. माझाही आहे. पण रोमचं ते स्टेशन आणि मॉन्ट्रिअल आठवलं की ही अट घालणाऱ्यांचं मन कळतं.

त्याच कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याबद्दल फार थोड्यांना माहिती असते. कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आगाऊ सूचना लिहून ठेवता येते: उद्या मी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर माझ्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत, आणि माझ्या वतीनं कुणी बोलावं. ईसीटी नको असेल तर तसं लिहिता येतं. पूर्वी तिचा गुण आलेला असेल आणि पुन्हा तशी वेळ आली तर वाट न पाहता द्या, असंही लिहिता येतं. ज्यांना नैराश्याचे किंवा बायपोलरचे झटके येऊन गेले आहेत त्यांनी बरं असताना, घरच्यांना शेजारी बसवून, आपल्या डॉक्टरांशी यावर बोलून घ्यावं. बोलताना हेही विचारा: भूल कोण देणार, प्रवाह एका बाजूनं की दोन्ही, स्मरणशक्ती मध्ये मध्ये तपासणार का, आणि मालिका संपल्यावर पुढचं औषध कोणतं.